कोकणातल्या कुंपणासाठी हेज ट्रिमर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: आंजर्ल्याजवळ घर, समुद्र अगदी जवळ. पुढच्या बाजूला कोयनेलीचं, म्हणजे कडूमेंदीचं कुंपण, मधे मधे जास्वंद. सगळं मिळून साठेक मीटर लांब आणि छातीइतकं उंच. बाजूला गिरिपुष्पाची जुनी वई. वडील सत्तरी ओलांडलेले, आजवर कोयत्यावर निभावलं, पण आता खांदा साथ देत नाही. मुलगा ठाण्याला नोकरीला. मे महिना, गणपती आणि शिमगा एवढंच गावी येणं. मोबाइलवर चार हजारांपासून तीस हजारांपर्यंत यंत्रं दिसतात, त्यातलं कोणतं घ्यावं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. पुढच्या कोयनेलीसाठी १८ व्होल्टचा बॅटरीवरचा हेज ट्रिमर घ्या. पातं ५० ते ५५ सेंटिमीटर, दोन दात्यांमधली फट १८ ते २० मिलिमीटर, वजन बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास. बाजूच्या गिरिपुष्पासाठी यंत्र घेऊच नका. तिथे कोयता आणि एक चांगली छाटणीची करवत पुरे.

दुकानात येणारा बहुतेक माणूस कुंपण किती लांब आहे ते सांगतो. मी उलट विचारतो, शेवटचं कापलं कधी होतं? हेज ट्रिमर बनवलाय तो कोवळी वाढ कापायला. त्याचं पातं म्हणजे एकमेकींवर पुढे-मागे सरकणाऱ्या दोन दातेरी पट्ट्या. फांदी दोन दात्यांच्या फटीत शिरली तरच कापली जाते. फटीपेक्षा जाड फांदी आत जातच नाही, दात्यांवर नुसती थडथडते. बरोबर फटीइतक्या जाडीची फांदी आत जाते आणि तिथेच पातं अडकवून ठेवते. खोक्यावर ‘कापण्याची क्षमता २० मिमी’ लिहिलेलं असतं, तो आकडा बहुतेक वेळा या फटीचाच असतो. प्रत्यक्षात फटीच्या दोन-तृतीयांश जाडीपर्यंतच काम सुखाने होतं. म्हणजे २० मिमी फट असेल तर १२-१३ मिमीची फांदी. स्वस्तातल्या यंत्रांत फट १४ ते १६ मिमी असते. त्यांच्याकडून ९-१० मिमीच्या पुढे अपेक्षा ठेवू नये.

आता तुमचं वेळापत्रक बघा. मे महिन्यात कापलं, जूनमध्ये पाऊस लागला, की कोयनेल हातभर फुटवे टाकते. गणपतीला तुम्ही उतरता तोवर तीनेक महिने झालेले असतात. शेंडे कोवळे असतात, पण बुडाशी फुटवा पेन्सिलीएवढा, काही ठिकाणी करंगळीएवढा होऊन लाकडात गेलेला असतो. १५ मिमी फटीचं हलकं यंत्र इथे दम टाकतं. वर्षभर गावी राहणारा आणि दर तीन-चार आठवड्यांनी हात फिरवणारा माणूस त्याच यंत्रावर खूश असतो. म्हणून शेजाऱ्याने घेतलंय तेच घ्यायचं, हा हिशेब इथे चालत नाही. तुमच्या वडिलांनी पावसाची उघडीप बघून श्रावणात एकदा नुसते शेंडे उडवले, तर गणपतीतलं काम निम्म्याने हलकं होईल. तेवढं त्यांच्याकडून होणार असेल तर वजनाला जास्त महत्त्व द्या, नसेल तर फटीला.

जास्वंदीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिची साल चिवट, दोरीसारखी. पात्याला धार कमी असली की लाकूड तुटतं आणि साल तशीच लोंबत राहते, मग ती दोन पट्ट्यांमध्ये ओढली जाऊन गुंडाळते. पातं जाम होण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत जास्वंद आघाडीवर. कुंपणात मधूनच जास्वंद असेल तर तिचे जाड दांडे आधी हातकात्रीने काढून घ्यायचे आणि मग यंत्र फिरवायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण पातं वाचतं. ट्रिमरने एका रेषेत उडवलेल्या जास्वंदीला कळ्याही कमी येतात. देवाला फुलं हवी असतील तर ती झाडं ओळीतून मोकळीच सोडा.

कोयनेल, मेंदी, डुरांटा, अकॅलिफा, तगर ही ट्रिमरची झाडं. बोगनवेल चालते, पण तिचे काटेरी फोक झटक्याने तोंडावर येतात. चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय नको. शेर आणि निवडुंग अजिबात नकोत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भाजल्यासारखा होतो, आणि यंत्राचं पातं तो चीक चारी दिशांना उडवतं. कण्हेर कापता येते, पण ती विषारी. तिचं काटकुट गुरांपुढे टाकू नये आणि चुलीत किंवा शेकोटीतही घालू नये. गिरिपुष्पाचं म्हणाल तर त्याच्या फांद्या मनगटाएवढ्या होतात आणि त्या मुळात कोयत्यानेच तोडायच्या असतात. लावणीच्या आधी तोडून पाला भातखाचरात गाडला की हिरवळीचं खत होतं. आंब्याच्या फांद्यांवर ट्रिमर चालवून बघणारेही भेटतात. त्यांना मी करवत दाखवतो.

आता वीज, बॅटरी की पेट्रोल.

वायरचं यंत्र सगळ्यात स्वस्त. ४५० ते ६०० वॉटचं, वजनाला बेताचं, आणि चार्जिंगची भानगड नाही. कुंपण घराला लागून आणि वीस-पंचवीस मीटरच्या आतलं असेल तर मी आजही तेच सुचवतो. साठ मीटरला मात्र वायरच मुख्य काम होऊन बसते. कुंपणावरून ओढायची, कापलेल्या फांद्यांतून सोडवायची, पात्यापासून लांब ठेवायची. स्वतःचीच वायर कापून आलेली यंत्रं दुरुस्तीला नेमाने येतात. ही यंत्रं दुहेरी इन्सुलेशनची असतात (पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते), त्यांना अर्थिंगची तार नसते. कापलेल्या वायरीपासून जीव वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन आपोआप तोडणारा स्विच. जुन्या चिरेबंदी घरांत तो बहुधा नसतोच. वायरचं यंत्र घ्यायचं ठरवलंत तर आधी वायरमनला बोलावून तो बसवून घ्या, बाहेरचा प्लगपॉइंट त्याच्यावर आणा आणि मग खरेदीला निघा. जोडवायर किमान १.५ चौरस मिमीची, आणि रिळावरून पूर्ण उलगडून वापरायची, गुंडाळलेली तापते. पान ओलं असताना, दव असताना सुद्धा, वायरचं यंत्र बाहेर काढायचं नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडं पान किती दिवस मिळतं ते तुम्हीच मोजा. शिवाय लाइनच्या शेवटच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि मोटर दमून तापते. हे काम सकाळचंच.

पेट्रोलचं यंत्र जोरकस असतं. २२ ते २६ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पातं लांब, फट मोठी. पण वजन पाच-सहा किलो, आणि ते छातीच्या उंचीवर हातांवर तोलायचं. सत्तरीतल्या खांद्याला हे कशाला? दुसरा त्रास इंधनाचा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळी हवेत टाकीत दोन-तीन महिने राहिलेलं पेट्रोल बिघडतं, कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी दोरी ओढून ओढून हात भरून येतात. वर्षातून तीनदा येणाऱ्या माणसाचं हे यंत्र नव्हेच. रोज वापर असलेल्या रिसॉर्टवाल्यांना मी तेच देतो. त्यांचं इंजिन बंद पडून राहत नाही, आणि सुटे भाग व मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळतात. तरीही घेणार असाल तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात असेल तेच: ५०:१ असेल तर लिटरला २० मिलि टू-टी ऑइल, ४०:१ ला २५, २५:१ ला ४०. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

घरात ग्रासकटर असेलच. बांध आणि आगर साफ करायला आता घरोघरी आहे. त्याच्या दांड्याला हेज ट्रिमरचं जोडपातं बसतं, आणि उंच कुंपणाचा माथा कापायला ते उपयोगी आहे. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. दांडा सरळ हवा, वाकडा चालत नाही. नळीचा बाहेरचा व्यास २६ मिमी की २८ मिमी ते मोजा. आतल्या फिरत्या सळईच्या टोकाला दाते किती ते मोजा. हे जुळलं नाही तर जोडपातं माळ्यावर जातं. जुळलं तरी टोक जड होतं आणि सरळ बाजू कापताना हात डुलतो.

पण एक प्रकार मी सगळीकडे बघतो आणि त्याबद्दल स्पष्ट बोलायलाच हवं. ग्रासकटरला तीन पात्यांची किंवा दातेरी चकती लावून ती खांद्यापर्यंत उचलायची आणि कुंपण उडवायचं. कृपा करून असं करू नका. ती चकती जमिनीलगत फिरवण्यासाठी आहे. तिचं संरक्षक कवच खालच्या कामाच्या बेताने बसवलेलं असतं. वर उचललं की पात्याची बाजू थेट छाती-चेहऱ्याच्या समोर येते, आणि जाड दांड्यावर आदळली की अख्खा दांडा झटका देऊन बाजूला फेकला जातो. गडग्याचा चिरा लागला तर चकतीचा तुकडा उडू शकतो. मजुराला रोजावर बोलावलंत तरी त्याला हे करू देऊ नका, तो कितीही सराईत असला तरी.

राहिली बॅटरी, आणि तुमच्यासाठी ती का हेही आता लक्षात आलं असेल. वायर नाही, इंधन नाही, बटण दाबलं की चालू. तिच्यातही गोंधळ घालणारे आकडे आहेत. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ या एकाच बॅटऱ्या. आत पाच लिथियम सेल, पूर्ण चार्जला २० च्या थोडं वर आणि कामाच्या वेळी १८. त्यामुळे २० वाचून जास्त पैसे देऊ नका. खरा आकडा व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. तुमचं कुंपण साठ मीटर, सव्वा मीटर उंच. दोन्ही बाजू आणि माथा धरला तर १८० चौरस मीटरच्या पुढे जातं. लहान बॅटरी अर्धा-पाऊण तास टिकते, तेवढ्यात हे पुरं होत नाही. माझा सल्ला: ४ ची एक घेण्यापेक्षा २ किंवा २.५ च्या दोन घ्या. हातात वजन कमी राहतं, एक चालू असताना दुसरी चार्ज होते, आणि वडिलांना मधे थांबायला आयतं निमित्त मिळतं. लाइट गेली तर चार्जर घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, त्याची भूक फार नसते.

घरात आधीच १८ व्होल्टचं ड्रिल असेल तर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीचा ट्रिमर बिनबॅटरीचा मिळतो का ते बघा. खर्च बराच वाचतो. पण एकाच कंपनीच्या सगळ्या बॅटऱ्या एकमेकींत बसतात असं समजू नका. बॉशचंच उदाहरण घ्या. घरगुती हिरव्या आणि व्यावसायिक निळ्या यंत्रांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत, अदलाबदल होत नाहीत. आणि ज्या यंत्रात बॅटरी आतच बंद असते, ते तुमच्यासाठी नको. बॅटरी दमली की अख्खं यंत्र अडकतं.

पात्याची लांबी लोक उगाच वाढवतात. ६५-७० सेंटिमीटरचं पातं दिसायला रुबाबदार, पण पुढचा भार मनगटावर येतो. ५० ते ५५ पुरेसं. दोन्ही पट्ट्या हलणारं पातं मिळालं तर घ्या, त्याला हादरे कमी असतात आणि दुखऱ्या खांद्याला ते जाणवतं. वडिलांना दुकानात घेऊन जा. यंत्र बॅटरी लावून त्यांच्या हातात द्या आणि छातीसमोर हात लांब करून दोन मिनिटं धरायला सांगा. एका मिनिटातच खाली ठेवलं तर ते परत द्या, मग त्यावर सूट कितीही असो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं हलता कामा नये, आणि एक हात सुटला की ते लगेच थांबलं पाहिजे. काही जण एक बटण सुतळीने बांधून ठेवतात. अशी यंत्रं मी सुतळी कापल्याशिवाय दुरुस्तीला घेत नाही.

कोकणात यंत्र वापराने कमी आणि पडून राहिल्याने जास्त मरतं. पात्याचं पोलाद धार धरणारं असतं, स्टेनलेस नसतं, त्यामुळे गंजतं. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं, आणि पात्याला चिकटलेला चीक ते मीठ आणि ओल धरून ठेवतो. एका रात्रीत लाल थर दिसतो. म्हणून काम संपल्यावर, बॅटरी काढून, पातं ओल्या फडक्याने पुसा, चीक असेल तर डिझेलच्या बोळ्याने काढा, कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सगळ्या लांबीवर सोडून दोन सेकंद चालवा. खोबरेल लावू नका. घरात असतं म्हणून लोक लावतात, पण थंडीच्या सकाळी ते थिजतं आणि भुसा धरून बसतं. नळाखाली यंत्र धरून धुवायचं तर मुळीच नाही.

पावसाळ्यात घर बंद राहत असेल तर यंत्र खोक्यात घालून पडवीत ठेवणं म्हणजे गंजायला ठेवणं. पात्याला ग्रीसचा पातळ हात द्या, तेलकट कापडात गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या पिंपात, सिलिका जेलच्या मोठ्या पुड्यांसोबत ठेवा. पुठ्ठ्याचं खोकं टाकून द्या, ते ओल पितं. बॅटरी गावी ठेवू नका, ठाण्याला बरोबर न्या. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने ठेवली की लवकर म्हातारी होते. निम्म्या चार्जवर, सावलीत, कोरड्यात ठेवायची. कौलाखालचा किंवा पत्र्याखालचा माळा मे महिन्यात तिच्यासाठी भट्टी आहे.

कापायला सुरुवात करण्याआधी काठीने कुंपण हलवून बघा. ओंबीलांचं, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांचं, पानांचं घरटं असेल तर ते अंगावर येण्याआधी कळलेलं बरं. गांधीलमाश्यांचं पोळं आतल्या फांदीला असतं आणि यंत्राच्या थरथरीने त्या चवताळतात. पावसाळ्यात चापडा हा हिरवा साप पानांच्या रंगात मिसळून फांदीवर निवांत बसलेला असतो. तो विषारी आहे, हलवल्यावरही लगेच सरकत नाही, म्हणून नजरेने नीट शोधा आणि फांद्या हाताने बाजूला करू नका. हरणटोळही तशीच हिरवी, पण सडपातळ आणि टोकदार तोंडाची. तिच्यापासून तसा धोका नाही. शिंप्याचं किंवा बुलबुलाचं घरटं सापडलं तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत सोडून द्या. वरून विजेची तार जात असेल तर लांब दांड्याचं कोणतंही यंत्र तिथे नेऊ नका.

आणि कापताना बूड रुंद, माथा थोडा अरुंद ठेवा. आपल्याकडे उलट होतं, वर झुपका आणि खाली उघडे दांडे, कारण वरच्या सावलीत खालची पानं मरतात. मग त्याच उघड्या भागातून गुरं शिरतात. मे महिन्यात नेहमीपेक्षा वीतभर खोल कापा, येणारा पाऊस ते भरून काढतो. कोयनेल खारी हवा आणि खोल छाटणी दोन्ही सोसते, तिची काळजी करू नका. शिमग्याला मात्र नुसते शेंडे घ्या. पुढे कडक ऊन आहे आणि उघडी पडलेली आतली पानं करपतात.

तुमचं कुंपण दहा-पंधरा मीटरचं असतं तर मी यंत्रच घेऊ नका म्हटलं असतं. चांगल्या पोलादाची, लाकडी मुठीची दोन हातांची कात्री तासाभरात ते काम करते आणि तिला बॅटरी लागत नाही. तशी एक कात्री यंत्रासोबतही घ्याच, कोपरे आणि जास्वंदीसाठी.

दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारा की सुटं पातं किती दिवसांत मिळेल, आणि दुरुस्ती दापोली-चिपळूणला होते की यंत्र मुंबईला पाठवावं लागतं. मोबाइलवरून मागवलेल्या अनोळखी नावाच्या यंत्राला पुढच्या वर्षी तीच बॅटरी मिळेल याची खात्री नसते, आणि बॅटरीशिवाय ते यंत्र नुसतं लोखंड. बिलावर यंत्राचा आणि प्रत्येक बॅटरीचा अनुक्रमांक वेगवेगळा लिहून घ्या, कारण दोघांच्या वॉरंटीची मुदत बऱ्याचदा एक नसते.